छोट्या व्यवसायासाठी संगणक-साधनांची निवड
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या विषयावर मी बोलणार असे कळल्यावर आमच्या शिक्षक-खोलीत थोडा हशा झाला. इतिहास आणि मराठी शिकविणाऱ्या माणसाने संगणकावर बोलावे हे विचित्र वाटणे साहजिकच आहे. मी संगणकाचा पदवीधर नव्हे. परंतु गेली काही वर्षे संध्याकाळी शाळा सुटली की कोणीतरी पालक किंवा माजी विद्यार्थी हातात कोटेशनचा कागद घेऊन येतो आणि म्हणतो, "सर, हे सगळं इंग्रजीत आहे. एवढं वाचून सांगा, घेऊ की नको?" कागद वाचून सांगता सांगता मलाही शिकावे लागले. जे चुकतमाकत शिकलो तेच आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

मागच्या वर्षी असाच एक कागद आला. आणणारे गृहस्थ माझ्या वडिलांच्या वयाचे, काजूगराचा छोटा कारखाना चालविणारे. कामाला वीस-बावीस बायका, ऑफिसात तीन संगणक. कागदावर एक मोठा सर्व्हर, माहिती साठविण्याची पेटी, व्हर्च्युअलायझेशनचा वार्षिक परवाना आणि आठ आयपी फोन. तीन माणसांच्या ऑफिसात आठ फोन! खाली एकूण रक्कम पावणेदोन लाखांच्या घरात. मी त्यांना विचारले, "चाचा, तुमच्या हिशेबाच्या नोंदी आज रात्री नाहीशा झाल्या तर उद्या सकाळी काय कराल?" ते गप्प झाले. त्या एवढ्या लांबलचक कागदावर या प्रश्नाचे उत्तर कोठेच नव्हते.

पालकहो, निवडीची सुरुवात या प्रश्नापासून करावयाची असते. कोणती नोंद गेली तर माझा धंदा बसेल? आणि किती तास धंदा बंद राहिला तर मला चालेल? ही दोन उत्तरे घरी बसून कागदावर लिहा आणि मगच दुकानदाराकडे जा. अन्यथा त्याच्याकडे जे शिल्लक आहे तीच आपली गरज ठरते.

हा प्रश्न मला कोणा पुस्तकाने शिकविला नाही, माझ्या मामूंनी शिकविला. चिपळूणच्या बाजारपेठेत त्यांचे रंग, पाइप आणि सिमेंटचे दुकान. २०२१ साली २२ जुलैला वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले, तळमजल्यावरची दुकाने बुडाली. मामू निष्काळजी नव्हते. संगणकावर हिशेब होता, दर शनिवारी त्याची प्रत एका वेगळ्या डिस्कवर काढली जात होती. फक्त ती डिस्क गल्ल्याच्या खालच्या खणात असे. पाणी ओसरल्यावर संगणक आणि डिस्क एकाच चिखलातून निघाले. डिस्क मुंबईला पाठवून पाहिली. काही हाती लागले नाही.

मालाचे नुकसान डोळ्यांना दिसत होते, त्याचा पंचनामा झाला. न दिसणारे नुकसान उधारीचे होते. कोणा ठेकेदाराकडे किती येणे आहे याची एकही ओळ शिल्लक नव्हती. काही माणसे स्वतःहून आली आणि आपला आकडा सांगून गेली. अल्लाह त्यांना बरकत देवो. काही आली नाहीत. त्यांना दोष तरी कसा द्यावा, त्यांच्याही चिठ्ठ्या वाहून गेल्या होत्या. आता यातील एक गमतीची गोष्ट ऐका. मामूंची खरेदीची बिलेही बुडाली होती. परंतु ती बरीचशी पुन्हा जुळविता आली, कारण माल देणाऱ्या व्यापाऱ्यांनी जीएसटीची विवरणे भरली होती आणि त्या नोंदी सरकारी पोर्टलवर दिसत होत्या. ज्या जीएसटीला मामू रोज शिव्या घालीत, त्याच जीएसटीने त्यांचा निम्मा हिशेब वाचविला. खरेदीची नोंद दुसऱ्या गावी होती म्हणून टिकली; उधारीची नोंद एकाच छपराखाली होती म्हणून गेली.

आपल्या समाजाला हे नवे नाही, किंबहुना नसावे. कुरआन शरीफातील सर्वांत मोठी आयत म्हणजे सूरह बकराची २८२ वी. तिचा विषय मुदतीचे देणेघेणे लिहून ठेवण्याचा आहे. लिहिणारा कसा असावा, साक्षीदार किती असावेत, हेही तेथे सांगितले आहे. रक्कम लहान की मोठी असा भेद केलेला नाही. साक्षीदार एकाहून अधिक का, याचे कारणही तेथेच आहे, एक विसरला तर दुसऱ्याने आठवण करून द्यावी. माझ्या अल्पमतीला असे वाटते की संगणकावरील नोंदीची दुसरी प्रत म्हणजे एक साक्षीदारच होय; आणि दोन्ही साक्षीदार एकाच नावेत बसवू नयेत.

संगणकवाल्या मंडळींमध्ये याविषयी एक सोपा हिशेब रूढ आहे. नोंदीच्या तीन प्रती, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक प्रत दुसऱ्या जागी. पीटर क्रोघ या अमेरिकन छायाचित्रकाराने आपल्या छायाचित्रांसाठी हा नियम मांडला आणि तो जगभर पसरला. एक प्रत रोजच्या संगणकावर, दुसरी दुकानातील डिस्कवर, तिसरी घरी किंवा भाड्याच्या दूरच्या साठ्यात, ज्याला 'क्लाउड' म्हणतात. यात महागडे काही नाही.

विक्रेते येथे एक घोटाळा करतात, कधी अजाणता, कधी जाणून. दोन डिस्कची पेटी दाखवितात आणि सांगतात, "एक डिस्क बिघडली तरी दुसरीवर सगळे आहे, काळजीच मिटली." या व्यवस्थेला 'रेड' म्हणतात, १९८८ साली कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठातील संशोधकांच्या लेखातून हे नाव रूढ झाले. व्यवस्था चांगली आहे. एक डिस्क बंद पडली तरी काम थांबत नाही. परंतु दोन्ही डिस्कवर एकाच क्षणी एकच गोष्ट लिहिली जाते. तुम्ही चुकून खाते पुसले तर ते दोन्हीकडे पुसले जाते. पाणी शिरले तर दोन्ही भिजतात. आरशातले प्रतिबिंब हा दुसरा माणूस नव्हे, तद्वत ही दुसरी प्रत नव्हे. क्लाउडमधील आपोआप जुळणाऱ्या फोल्डरचेही तसेच. येथे पुसले की तेथेही पुसले जाते. म्हणून घेताना विचारावे, "मागच्या महिन्याची जुनी प्रत मला परत मिळेल का? किती दिवसांपर्यंत?"

साठा किती लागेल हे ठरविण्याआधी मोजा. दुकानाच्या दहा वर्षांच्या हिशेबाची फाइल बहुधा एका साध्या पेन ड्राइव्हमध्ये मावते. जागा खातो तो कॅमेरा. विद्यार्थ्यांनो, हे गणित वहीत करून पाहा. एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट चित्रण पाठवीत असेल तर दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत १,७२,८०० मेगाबिट, आठाने भागल्यावर २१,६०० मेगाबाइट, म्हणजे सुमारे २१.६ गिगाबाइट. चार कॅमेरे आणि तीस दिवस धरले तर जवळजवळ २.६ टेराबाइट. चाचांच्या कोटेशनातील महागडी पेटी मुख्यतः या चित्रणासाठी होती. आता सांगा, कारखान्याच्या फाटकाचे महिन्यापूर्वीचे चित्रण गेले तर काय बिघडेल? त्याला एक साधा रेकॉर्डर पुरतो. तीन-तीन प्रती जपावयाच्या त्या उधारीच्या, पगाराच्या, मालाच्या आणि कराच्या नोंदींच्या. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे हिशेबाची वह्या-कागदपत्रे वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावी लागतात, हेही ध्यानात असू द्या.

दुसरे गणित क्लाउडचे. आपल्या इंटरनेटचा वर पाठविण्याचा वेग १० मेगाबिट असेल तर १०० गिगाबाइट पाठवावयास ८०,००० सेकंद, म्हणजे बावीस तासांहून अधिक लागतात. परत आणतानाही वेळ जातोच. तेव्हा सगळे चित्रण, सगळे फोटो वर ढकलीत बसू नये. हिशेब पाठवावा, तो पाच मिनिटांत जातो.

आणि एक प्रत तारेपासून सोडवून ठेवावी. आपल्या कोकणातील कितीतरी घरांचे चुलीचे पाणी जहाजावरच्या नोकरीने तापले आहे, म्हणून न्हावा शेवाची ही हकीकत सांगतो. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाचा, खंडणीचे सोंग घेतलेला विषाणू युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या सुधारणेतून पसरला. मर्स्क या जगड्व्याळ जहाज कंपनीचे संगणक जगभर बंद पडले; जवाहरलाल नेहरू बंदरातील त्यांच्या टर्मिनलचे कामही खोळंबले. पुढे कंपनीला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. कोणत्या कर्मचाऱ्याला कोठे प्रवेश आहे याची मूळ नोंद ठेवणारे त्यांचे सर्व्हर एकमेकांशी सतत जुळत असत, आणि ते सारे एकदमच गेले. वाचला तो एक, आफ्रिकेतील घाना देशातला, कारण त्या वेळी तेथे वीज गेली होती! लोडशेडिंगने कोणाचे भले केल्याचे हे एकच उदाहरण मला ठाऊक आहे. त्या एका प्रतीवरून त्यांनी आपली सारी यंत्रणा पुन्हा उभी केली. आपल्याला घानापर्यंत जावयास नको. आठवड्यातून एकदा डिस्क जोडावी, प्रत काढावी, पुन्हा काढून घरी न्यावी. दोन डिस्क आळीपाळीने वापरल्या तर फारच उत्तम.

आता संपर्काच्या साधनांविषयी. ३ जून २०२० चे निसर्ग वादळ येथे बसलेल्या श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोलीकडच्या पाहुण्यांना विसरता येणार नाही. खांब पडले, वीज गेली, मोबाइलचे मनोरे मुके झाले, आणि कित्येक गावांत हे दिवसेंदिवस चालले. अशा वेळी कोणतेही यंत्र पुरे पडत नाही हे मान्य करू. परंतु रोजच्या लहान खोळंब्यांना उपाय आहे. दोन जोडण्या घ्याव्या, त्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या, आणि शक्य तर दोन वेगळ्या वाटांनी येणाऱ्या; एक फायबरची आणि दुसरी सिम कार्डाची. दोन्ही तारा एकाच खांबावरून येत असतील तर एकाच फांदीने दोन्ही तुटतात. राउटर वीज फार थोडी खातो, बहुतेक दहा-बारा वॅट. त्याच्यासाठी मिळणारा बॅटरीचा छोटा डबा घेतला तर दिवे गेल्यावरही यूपीआयचा व्यवहार थांबत नाही.

व्हॉट्सॲपवर आपला निम्मा बाजार चालतो. त्याला मी नावे ठेवीत नाही. २०१८ पासून व्यवसायासाठी त्यांचे वेगळे ॲप आहे, फुकट आहे, लहान दुकानाला ते पुष्कळ झाले. मात्र ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप जवळजवळ सहा तास जगभर बंद होते, तेव्हा ज्यांच्याकडे गिऱ्हाइकांचे फोन नंबर वेगळे लिहिलेले नव्हते त्यांची बोलती बंद झाली. ऑर्डर व्हॉट्सॲपवर घ्यावी, पण तिची नोंद वहीत किंवा हिशेबात त्याच दिवशी करावी. आणि ज्या नंबरावर गिऱ्हाईक येते ते सिम धंद्याच्या मालकाच्या नावे असावे. माझा एक माजी विद्यार्थी टूर्सचे काम करतो. त्याच्याकडील कामगार स्वतःच्या नंबरावर तीन वर्षे बुकिंग घेत होता. नोकरी सोडताना तो नंबर घेऊन गेला, त्याच्याबरोबर गिऱ्हाईकही गेले. वेबसाइटचे नाव आणि ई-मेल यांचेही तसेच. बनवून देणाऱ्याच्या नावाने नोंदले असेल तर दुकानाची पाटी तुमची आणि जागा त्याची. शिवाय उमराहला जाणाऱ्यांच्या पासपोर्टच्या प्रती, रुग्णांची कागदपत्रे, हे सारे त्या फोनमध्ये पडून असते. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. परंतु कायद्याआधीही ती अमानत होतीच.

राहिले व्हर्च्युअलायझेशन. नाव मोठे आहे, कल्पना सोपी आहे. आपल्या शाळेची इमारत पाहा. सकाळी प्राथमिक भरते, दुपारी माध्यमिक. इमारत एक, फळे तेच, पण हजेरीपट वेगळे, किल्ल्या वेगळ्या, या वर्गाच्या गोंधळाचा त्या वर्गाला पत्ता नाही. तसे एका दणकट संगणकात दोन-चार आभासी संगणक नांदवायचे. १९६० च्या दशकात आयबीएमच्या अवाढव्य यंत्रांची किंमत एवढी होती की एक यंत्र अनेकांनी वाटून घेण्यासाठी ही युक्ती निघाली; १९७२ मध्ये ती सर्व गिऱ्हाइकांना मिळू लागली. १९९८ मध्ये निघालेल्या व्हीएमवेअर कंपनीने ती साध्या संगणकांवर आणली.

ती कोणाला हवी? ज्याच्याकडे तीन-चार वेगळी कामे चोवीस तास चालू असतात त्याला. छोटे हॉस्पिटल, चार शाळांचे कार्यालय. किंवा ज्याचा जुना प्रोग्राम नव्या विंडोजवर चालत नाही आणि टाकूनही देता येत नाही, त्याला. विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्येच संपला आहे. तसला जुना प्रोग्राम एका आभासी संगणकात कोंडून, इंटरनेट तोडून चालविता येतो. सर्वांत मोठा फायदा म्हणजे अख्खा आभासी संगणक ही एक फाइल असते. ती जपली असेल तर यंत्र जळाले तरी दुसऱ्या यंत्रावर तो पुन्हा उभा राहतो.

पण यंत्र एक, म्हणजे संकटही एक. ते बंद पडले की सगळीच कामे बंद. त्याला स्मृतीही भरपूर लागते. प्रत्येकी ८ गिगाबाइटचे तीन आभासी संगणक धरले तर ३२ गिगाबाइटच्या खाली जाऊ नये. 'स्नॅपशॉट' नावाची एक सोय असते, क्षणात मागच्या स्थितीला नेणारी. तीही त्याच डिस्कवर असते, म्हणून तिला प्रत समजू नये. आणि हे सारे बसवून देणारा हुशार मुलगा उद्या कतारला गेला तर ते चालविणार कोण, हा प्रश्न आपल्या भागात फार महत्त्वाचा आहे.

परवान्याचे पाहा. ब्रॉडकॉम कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर विकत घेतली आणि पुढच्याच महिन्यात एकदा पैसे भरून कायमचा परवाना विकणे बंद केले. नव्याने घेणाऱ्याला मुदतीचे भाडेच भरावे लागते. लहान धंद्याने अशा भाड्यात अडकण्याआधी दहादा विचार करावा. ऑस्ट्रियातील प्रॉक्समॉक्स हे खुले सॉफ्टवेअर फुकट वापरता येते, मदत हवी असल्यास तिचे पैसे पडतात. विंडोजच्या सर्व्हरात आणि कित्येक प्रो आवृत्त्यांत हायपर-व्ही अंगचेच असते. स्वतःचे यंत्र नको असेल तर आभासी संगणक महिन्याच्या भाड्यानेही मिळतो. ॲमेझॉनची मुंबईतील केंद्रे २०१६ पासून चालू आहेत. दोन गावी शाखा असतील तर ही सोय चांगली, पण इंटरनेट गेले की दुकान मिटले. कोणतीही निवड करताना पहिल्या वर्षाची किंमत विचारू नका, तिसऱ्या वर्षाची विचारा. आणि सोडून जायचे ठरले तर माझ्या नोंदी मला कोणत्या रूपात परत देणार, हे लिहून घ्या.

चाचांनी शेवटी काय घेतले, ते सांगतो. सर्व्हर घेतला नाही, परवाना घेतला नाही. आठ फोनांऐवजी मालकाच्या नावाचे एक सिम आणि एक साधा फोन घेतला. हिशेबाच्या संगणकाची स्मृती वाढविली, दोन डिस्कची एक लहान पेटी ऑफिसात ठेवली, आळीपाळीने घरी न्यावयाच्या दोन डिस्क घेतल्या, क्लाउडमध्ये फक्त हिशेबासाठी जागा घेतली. राउटरला बॅटरीचा डबा लावला. मूळ आकड्याच्या तिसऱ्या हिश्शात सारे बसले.

त्यानंतर मी त्यांना आणखी एक गोष्ट विचारली, आणि ती विचारताना माझी जीभ अडखळली. २०२१ च्या कोविडमध्ये आमच्या मोहल्ल्यातील एक व्यापारी आठ दिवसांत गेले. संगणक शाबूत, प्रती शाबूत, सगळ्याला कुलूप, आणि कुलपाचा पासवर्ड त्यांच्याबरोबर गेला. मयताच्या मालमत्तेची वाटणी करण्याआधी त्याचे कर्ज फेडणे वारसांवर बंधनकारक आहे, हे आपण सर्व जाणतो. ती मुले दारोदार विचारीत फिरली, "आमच्या अब्बांकडे तुमचे काही येणे आहे का?" येणे सांगणारे पुष्कळ निघाले. खरे किती, कोण जाणे.

चाचांनी पासवर्ड एका कागदावर लिहिला, पाकिटात घालून पाकीट लाखेने बंद केले. ते कोणाकडे ठेवावयाचे यावर घरात दोन दिवस वाद झाला. शेवटी ते धाकट्या मुलीकडे गेले, जी यंदा आपल्याच संस्थेत अकरावीला आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती घरची डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडते, मागच्या महिन्याची फाइल उघडते आणि कोणत्याही एका खात्याची बाकी वडिलांना वाचून दाखविते. जुळली तर डिस्क पुन्हा कपाटात. मागे एकदा फाइल उघडलीच नाही. तीन आठवडे प्रत अर्धवट निघत होती, ते तिच्यामुळे कळले.